पायाळू म्हणजे सिझेरियनच?

पायाळू माणसाबद्दल आपल्याकडे जितक्या समजुती आहेत तितक्या क्वचितच कुणाच्या वाट्याला आल्या असतील. त्याला जमिनीतलं पाणी कळतं, त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की पुरलेलं धन दिसतं, वळवाच्या पावसात वीज त्यालाच शोधत येते आणि पाठीत उसण भरली तर त्याची लाथ हा रामबाण उपाय. शिकल्यासवरल्या घरांत आता या गोष्टी हसण्यावारी नेल्या जातात. त्याच घरांत दुसरी एक समजूत मात्र कुणी तपासूनही पाहत नाही: बाळ पायाळू आहे, म्हणजे सिझर. सोनोग्राफीच्या कागदावर ‘ब्रीच’ दिसलं की फोनाफोनी सुरू होते, पैशांची जुळवाजुळव होते, आणि कापायचंच आहे तर मग बरा मुहूर्त पाहून कापू या, म्हणून पंचांगही उघडलं जातं.

या समजुतीची दोन रूपं आहेत. दवाखान्यातलं रूप असं: डोकं खाली तर नॉर्मल, डोकं वर तर सिझर, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. घरातलं रूप याहून जुनं आणि जास्त टोचणारं: आमच्या वेळी बायका उकिडवं बसून सारवायच्या, जात्यावर दळायच्या, म्हणून बाळं आपोआप वळायची, हल्लीच्या सुना सोफ्यावर टेकून बसतात, मग बाळ उलटं राहील नाही तर काय? पहिल्या रूपात बाळाची स्थिती हा निकाल असतो, दुसऱ्यात सुनेवरचा ठपका. दोन्हींच्या मुळाशी गृहीत एकच. शेवटच्या महिन्यांत गर्भ जसा दिसला तसाच तो राहणार, आणि बाळंतपण कसं होणार ते तेवढ्यावरूनच ठरणार. हे गृहीत मला मान्य नाही.

प्रतिपक्षाचं म्हणणं आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावं, ही वादाची जुनी शिस्त आहे. इथे ती पाळणं सोपं आहे, कारण प्रतिपक्ष दुबळा नाही.

बाळाच्या शरीरातला सगळ्यांत मोठा आणि टणक भाग म्हणजे डोकं. ते पुढे असलं की कळांच्या कित्येक तासांत कवटीची न सांधलेली हाडं एकमेकांवर किंचित सरकतात, डोकं आईच्या कटीच्या मापाला जुळवून घेतं, आणि एकदा ते बाहेर आलं की बाकीचं अंग बहुधा सहज सुटतं. पायाळू बाळात हा क्रम उलटतो. आधी कुल्ले, पाय, पोट आणि अगदी शेवटी डोकं. त्याला जुळवून घ्यायला तास मिळत नाहीत, मिनिटं मिळतात, आणि त्याच मिनिटांत नाळ डोकं आणि हाडं यांच्यामध्ये चेपली जाते. बाळाचे हात डोक्यामागे गेले तर अडचण आणखी वाढते. कुल्ल्यांऐवजी पाऊलच पुढे असेल तर पाणी फुटताक्षणी नाळ खाली घसरण्याची भीती असते. पोटात बाळ आडवं असेल तर प्रश्नच नाही. कळा सुरू झाल्यावरही ते तसंच राहिलं तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही, आणि या लेखातला कुठलाही युक्तिवाद त्या बाळाला लागू नाही.

याच्या जोडीला आकडे आहेत. टोरंटोच्या मेरी हॅना यांच्या नेतृत्वाखाली २६ देशांतल्या १२१ रुग्णालयांत एक मोठी चाचणी झाली. पूर्ण दिवसांचं बाळ पायाळू असलेल्या २०८८ स्त्रिया दोन गटांत चिठ्ठी टाकल्यासारख्या वाटून घेतल्या: एका गटात ठरवून सिझेरियन, दुसऱ्यात नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न. ‘टर्म ब्रीच ट्रायल’ या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी ऑक्टोबर २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. बाळ दगावणं किंवा त्याला गंभीर इजा होणं, या दोन्ही गोष्टी मिळून सिझेरियनच्या गटात १.६ टक्के आणि दुसऱ्या गटात ५ टक्के. फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. मग जे झालं ते वैद्यकाच्या इतिहासात क्वचित घडतं: एका शोधनिबंधाने जगभरातल्या लेबर रूम बदलल्या. नेदरलँड्समध्ये पायाळू बाळांच्या सिझेरियनचं प्रमाण दोनेक महिन्यांत ५० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेलं, आणि अशा बाळांचे मृत्यूही तिथे कमी झाले. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २००१ मध्ये ठरवून सिझेरियन करण्याचीच शिफारस केली.

पूर्वपक्ष असा आहे. तो झटकून टाकणाऱ्यांशी, म्हणजे ‘निसर्गावर सोडा’वाल्यांशी, माझं मुळीच जमत नाही. तरीही या पुराव्यातून ‘पायाळू म्हणजे सिझेरियनच’ हा निष्कर्ष निघत नाही.

पहिली गोष्ट वेळेची. अठ्ठाविसाव्या आठवड्यात पाहिलं तर चार-पाच बाळांमागे एकाचं डोकं वर असतं. दिवस भरेपर्यंत हेच प्रमाण शंभरात तीन-चारावर येतं. मधल्या दहा-बारा आठवड्यांत बहुतेक बाळं आपली आपण फिरतात. गर्भाशयात तोवर जागा असते, पाणी भरपूर असतं, आणि गर्भाशयाचा आकार वर रुंद, खाली निमुळता असल्यामुळे दुमडलेले पाय आणि कुल्ले यांचा मोठा बोजा वरच्या बाजूला नीट बसतो. म्हणून सातव्या महिन्याच्या सोनोग्राफीतला ‘ब्रीच’ हा शब्द त्या दिवशीची नोंद आहे, निदान नव्हे. तरी त्या कागदावरून बाळंतपणाचा खर्च धरला जातो, आणि पुढची सोनोग्राफी झालीच तर ती आधी ठरलेलं पक्कं करण्यासाठी होते. छत्तिसाव्या आठवड्याआधी या शब्दाला घाबरण्याचं कारण नाही. त्यानंतरही पहिलटकरणींमध्ये दर शंभरांतली सात-आठ बाळं आपणहून फिरतात, आणि आधी बाळंतपण झालेल्यांमध्ये त्याहून जास्त.

आता त्या चाचणीकडे. ती वाचताना तीन गोष्टी सहसा गाळल्या जातात. एक: नैसर्गिक प्रसूतीसाठी निवडलेल्या गटातल्या ५७ टक्क्यांच्या आसपास स्त्रियांचीच तशी प्रसूती झाली, उरलेल्यांचं मध्येच सिझेरियन करावं लागलं, आणि कुठल्या बाळांना कशामुळे इजा झाली, प्रसूतीच्या वेळी अनुभवी हात हजर होते का, यावर पुढे बरीच कडक टीका झाली. दोन: यांतली काही मुलं दोन वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली गेली. मृत्यू किंवा मेंदूच्या वाढीतला उशीर यांचं प्रमाण एका गटात ३.१ टक्के, दुसऱ्यात २.८ टक्के निघालं. सिझेरियनचा गट कणभर वरचढही नव्हता. जन्मतः गंभीर म्हणून नोंदलेल्या इजांपैकी बहुतेक भरून आल्या होत्या.

तिसरी गोष्ट आपल्याला जास्त लागू आहे. चाचणीने देशांची विभागणी केली होती: जिथे जन्माच्या सुमारास बाळं दगावण्याचं प्रमाण कमी आहे ते एकीकडे, जिथे जास्त आहे ते दुसरीकडे. पहिल्या देशांत फरक प्रचंड होता, ०.४ विरुद्ध ५.७ टक्के. दुसऱ्या देशांत मात्र २.९ विरुद्ध ४.४, म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठामपणे सांगता येईल असा फरकच उरला नाही. ज्या पुराव्यावर आपल्याकडचा आग्रह उभा आहे, तो पुरावा आपल्यासारख्या देशांबद्दल सगळ्यांत कमी बोलतो. यावरून आपल्याकडे नैसर्गिक प्रसूती जास्त सुरक्षित ठरते, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. दोन्ही बाजूंना धोका आहे आणि तो शस्त्रक्रियेने नाहीसा होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

२००६ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियममधल्या १७४ रुग्णालयांचा ‘प्रेमोडा’ हा अभ्यास आला. यात चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. अनुभवी डॉक्टरांनी कुणाला नैसर्गिक प्रसूतीची मुभा द्यायची ते काटेकोरपणे निवडलं, आणि पुढे काय झालं ते नोंदलं. ८१०५ स्त्रियांपैकी २५२६ जणींनी नैसर्गिक प्रसूतीचा मार्ग घेतला, त्यांतल्या ७१ टक्के जणींची प्रसूती तशीच पार पडली. बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा: १.६० टक्के. ठरवून सिझेरियन केलेल्यांत: १.४५. त्याच वर्षी अमेरिकी संघटनेने आपली २००१ची शिफारस मागे घेतली आणि निर्णय डॉक्टरच्या अनुभवावर सोपवला. आपल्याकडे पहिली बातमी पोचली, दुसरी वाटेतच राहिली.

ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१७ मध्ये हा सगळा हिशेब एका ओळीत आणला. पायाळू बाळाचं ३९ आठवड्यांनंतर ठरवून सिझेरियन केलं तर बाळ दगावण्याचा धोका हजारात ०.५. पायाळू बाळाच्या नैसर्गिक प्रसूतीत हजारात २. आणि डोकं खाली असलेल्या अगदी साध्यासुध्या बाळंतपणात हजारात १. हा तिसरा आकडा कुणी सांगत नाही. तो सांगितला की भीतीचं माप बदलतं. हजारात दोन हा धोका खरा आहे आणि त्यासाठी एखाद्या आईने सिझेरियन मागितलं तर तिला नावं ठेवण्याचा कुणाला अधिकार नाही. पण तिच्यापुढे तिन्ही आकडे ठेवले जायला हवेत.

कुणी म्हणेल, फ्रान्समध्ये ते हात आहेत, आमच्या तालुक्याच्या गावी कुठून आणायचे? आक्षेप रास्त आहे, आणि माझ्या मते पूर्वपक्षाचा सगळ्यांत भक्कम खांब हाच आहे. पायाळू बाळ सोडवणं हे कसब आहे. कधी हात लावायचा याहून कधी लावायचा नाही, हे त्यात कळावं लागतं. २००० नंतर शिकलेल्या डॉक्टरांच्या एका पिढीने असं बाळंतपण बाहुलीवर जास्त आणि लेबर रूममध्ये कमी पाहिलं. रात्री दोन वाजता एकट्या डॉक्टरने, भूलतज्ज्ञ वीस किलोमीटरवर असताना, बाहेर नातेवाईक तोडफोडीच्या तयारीत उभे असताना, हे कसब दाखवावं अशी अपेक्षा करणं क्रूरपणाचं आहे. तिथे सिझेरियन हाच शहाणपणा. मात्र मग कारण खरं सांगावं: आमच्याकडे अनुभवी हात नाहीत म्हणून सिझेरियन. बाळाच्या स्थितीमुळे दुसरा मार्गच उरत नाही, असं सांगू नये. पहिलं उत्तर ऐकून बाई जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात चौकशी करू शकते. दुसरं उत्तर तिचा प्रश्नच संपवतं.

आणि इथे आपण त्या गोष्टीपाशी येतो जिच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. पायाळू बाळाची नैसर्गिक प्रसूती की सिझेरियन, हा वादच मुळी दुसऱ्या पायरीवरचा आहे. पहिली पायरी आपल्याकडे बहुतेकदा गाळलीच जाते: बाळाला बाहेरून फिरवून डोकं खाली आणणं. डॉक्टरी भाषेत याला एक्स्टर्नल सेफॅलिक व्हर्शन म्हणतात. पहिलटकरणीला छत्तिसाव्या आठवड्यापासून आणि इतरांना सदतिसाव्यापासून हे करता येतं. सोनोग्राफीने बाळ, वार आणि पाणी पाहतात, बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात, गर्भाशय सैल पडावं म्हणून टर्ब्युटालिनसारखं इंजेक्शन देतात. मग डॉक्टर एका हाताने बाळाचे कुल्ले कटीतून वर उचलतात, दुसऱ्या हाताने डोक्याला दिशा देतात आणि बाळाला पुढे कोलांटी घ्यायला लावतात. काही मिनिटांचं काम. पोट दाबलं जातं, दुखतंही; बाई ‘पुरे’ म्हणाली की थांबायचं. नंतर पुन्हा ठोके तपासायचे, आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी द्यायचं, आणि घरी पाठवायचं.

यश निम्म्याच्या आसपास मिळतं: पहिलटकरणींत शंभरात चाळीस, इतरांत साठ. ८ चाचण्या आणि १३०८ स्त्रिया एकत्र घेऊन केलेल्या कोक्रेन आढाव्यात, ज्यांच्यावर हा प्रयत्न झाला त्यांच्यातलं सिझेरियनचं प्रमाण ४० टक्क्यांहून जास्त घटलेलं दिसलं. धोका? दोनशेत एखादीला चोवीस तासांत तातडीचं सिझेरियन करावं लागतं. म्हणूनच हे थिएटर तयार असलेल्या रुग्णालयातच व्हायला हवं. वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल, पाणी गेलं असेल, जुळं असेल, ठोके ठीक नसतील तर करायचंच नाही. आणि गावाकडे अजूनही कुणी ‘पोट चोळून बाळ वळवून देते’ म्हणून दाईला बोलावत असेल, तर तिला दारातूनच परत पाठवा. हातांची हालचाल वरवर सारखी दिसेल; पण वार कुठे आहे ते दाईला दिसत नाही, आणि ठोके पडले तर तिच्याजवळ थिएटर नाही.

तंत्र काही नवं नाही. जर्मन डॉक्टर युस्टुस विगांड यांनी १८०७ मध्येच बाहेरून बाळ वळवण्याबद्दल लिहिलं. त्याच्याही अडीचशे वर्षं आधी फ्रान्सच्या अँब्रॉइझ पारे यांनी उलटाच मार्ग सांगितला होता: अडलेलं आडवं बाळ आत हात घालून पायांवर फिरवायचं आणि पायाळूच काढायचं. म्हणजे ज्या स्थितीला आज आपण शिक्षा समजतो, तिचा उपयोग कित्येक शतकं आईचा जीव वाचवायला झाला. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मूढगर्भाचे, म्हणजे अडलेल्या गर्भाचे, कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ असे चार प्रकार सांगून, चारच प्रकार मानणाऱ्यांचं मत लगेच खोडलं आहे: गर्भ अनेक रीतींनी येतो, म्हणून ही संख्या टिकत नाही. पुढे चिकित्सास्थानात दोन्ही पाय आले तर काय, एकच आला तर काय, कुल्ले आले तर काय, असा एकेकाचा वेगळा विधी आहे. यावरून छाती फुगवायची गरज नाही. त्या काळी बाळंतपणात बायका आणि बाळं किती दगावत असतील याची कल्पना आपण करू शकतो. पण स्थितीगणिक विचार वेगळा करायचा, ही शिस्त तिथे आहे. ‘ब्रीच’ या एका शब्दावर निकाल देणाऱ्या आजच्या रिवाजात ती दिसत नाही. कुल्ले पुढे आणि पाय सरळ तोंडाशी गेलेलं बाळ वेगळं, मांडी घातलेलं वेगळं, एक पाऊल खाली सोडलेलं वेगळं.

आता घरातल्या रूपाकडे, म्हणजे सारवण्या-पुसण्याकडे. त्याला हल्ली इंग्रजी टेकूही मिळाला आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यात न्यूझीलंडच्या सुईण जीन सटन आणि गर्भवतींचे वर्ग घेणाऱ्या पॉलीन स्कॉट यांनी असं मांडलं की आईने शेवटच्या आठवड्यांत पुढे झुकून बसावं, हातगुडघ्यांवर राहावं, म्हणजे बाळाची पाठ आईच्या पोटाकडे वळते आणि प्रसूती सोपी होते. बाळाचं डोकं खालीच आहे, पण त्याची पाठ आईच्या पाठीला लागलेली, अशी स्थिती टाळण्यासाठी हा सल्ला होता. त्या स्थितीत कळा लांबतात, कंबर फार दुखते, हे खरं. सल्ला जगभर पसरला आणि आपल्याकडे आल्यावर ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ या थाटात सासूच्या हाती पडला.

ऑस्ट्रेलियात तो प्रत्यक्ष तपासला गेला. २५४७ गर्भवतींपैकी निम्म्यांनी शेवटच्या आठवड्यांत रोज दोनदा दहा-दहा मिनिटं हातगुडघ्यांवर राहून कंबर हलवण्याचा व्यायाम केला, निम्म्यांनी केला नाही. २००४ मध्ये ‘बीएमजे’मध्ये निकाल आला: जन्माच्या वेळी बाळाची पाठ मागेच राहण्याचं प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत ८.१ टक्के, न करणाऱ्यांत ७.८. काडीचाही फरक नाही. पायाळू बाळासाठी सांगितल्या जाणाऱ्या आसनांचं, छातीला गुडघे लावून कुल्ले वर करण्याचंही तेच. सहा अभ्यासांतल्या ४१७ स्त्रियांचा एकत्र विचार करून त्यांचा परिणाम दिसला नाही. असा व्यायाम करून कुणाला बरं वाटत असेल तर जरूर करावा; कळांच्या काळात हातगुडघ्यांवर राहिल्याने कंबरदुखी कमी होते, हे वेगळ्या चाचणीत दिसलेलं आहे. पण त्याने बाळ फिरतं, हे खोटं.

पाठीकडे पाठ असण्याच्या या स्थितीबद्दल तर ‘निकाल’ हा शब्दच हास्यास्पद आहे. फिनलंडमधल्या १९९८च्या एका अभ्यासात कळा सुरू होताना सोनोग्राफी केली, तेव्हा १५ टक्के बाळांची पाठ मागे होती. त्यांतली ८७ टक्के प्रसूतीदरम्यान आपणहून वळली. उलट, जन्मताना ज्यांची पाठ मागे होती त्यांतली दोन तृतीयांशाहून जास्त बाळं सुरुवातीला अगदी योग्य स्थितीत होती. वाटेत ती उलटी वळली. अमेरिकेत १५६२ स्त्रियांवर झालेल्या २००५च्या अभ्यासाचाही सांगावा हाच: बाळ शेवटी कुठे तोंड करणार हे प्रसूतीच्या अगदी तोंडावर ठरतं. मग नवव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘बाळाची पाठ मागे आहे’ असं वाचून आधीच सिझेरियन ठरवायला आधार कोणता? मला तरी एकही सापडत नाही.

सुनेवरच्या ठपक्याला आणखी एक उत्तर आहे, आणि ते देताना मला थोडी मजा वाटते. बाळ पायाळू राहण्याची कारणं पुष्कळदा सापडतच नाहीत. सापडतात तेव्हा ती गर्भाशयाचा आकार, गाठी, वारेची जागा, पाणी कमी-जास्त असणं, अपुरे दिवस अशी असतात. सोफा त्यांत नाही. नॉर्वेमध्ये १९६७ ते २००४ या काळातल्या जन्मनोंदी पिढ्यांनुसार जुळवून पाहिल्या. जे स्वतः पायाळू जन्मले होते त्यांचं पहिलं मूल पायाळू असण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून जास्त निघाली, आणि हे आईइतकंच बापालाही लागू होतं. तेव्हा सासूबाईंनी सुनेला फडकं देण्याआधी आपला लेक कसा जन्मला होता ते आठवावं.

शेवटी एक आक्षेप उरतो: पायाळू बाळं शंभरात तीन-चार, त्यांतली निम्मी फिरवली तरी शंभरात दोन सिझेरियन वाचणार, त्यासाठी एवढी झटापट कशाला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २५.४ टक्के आणि गोव्यातल्या ३९.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. देशभरातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. पायाळू बाळांनी हे आकडे फुगवलेले नाहीत, हे उघड आहे. पण पहिलं सिझेरियन एकटं येत नाही. आपल्याकडे एकदा पोटावर टाका पडला की पुढच्या वेळी बहुधा पुन्हा टाकाच पडतो. आणि दर टाक्यागणिक पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका चढत जातो. अमेरिकेतल्या तीस हजार सिझेरियनच्या २००६च्या अभ्यासात, वार खाली असलेल्या स्त्रियांमध्ये ती रुतलेली असण्याचं प्रमाण पहिल्या सिझेरियनच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्याच्या वेळी ११, तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के होतं. रुतलेली वार म्हणजे रक्ताच्या बाटल्या, अनेकदा गर्भाशय काढणं, आणि ज्या देशात निम्म्याहून जास्त गर्भवतींना रक्तक्षय आहे तिथे जिवाशी गाठ. शंभरातल्या त्या दोघी पहिलटकरणी असतील तर वाचलेली सिझेरियन दोन नव्हेत, चार असू शकतात.

म्हणून ज्या घरात हा प्रश्न आला आहे त्यांना सांगणं एवढंच. छत्तिसाव्या आठवड्यात बाळाचं डोकं वर असेल तर डॉक्टरांना विचारा: बाळ कोणत्या प्रकारे पायाळू आहे, बाहेरून फिरवता येईल का, तुम्ही करत नसाल तर जवळपास कोण करतं? मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात चौकशी करायला कमीपणा मानू नका. फिरवूनही बाळ फिरलं नाही आणि असं बाळंतपण करण्याचा अनुभव असलेलं कुणी नसेल, तर ३९ आठवडे भरल्यावर सिझेरियन करा, मुहूर्तासाठी आधी नको. आणि छत्तिसाव्या आठवड्यानंतर जे बाळ पायाळू दिसलं होतं, ते पुढे फिरलेलं असो वा नसो, जन्म कसाही झालेला असो, सहा आठवड्यांचं झाल्यावर त्याच्या खुब्यांची सोनोग्राफी करून घ्या. अशा बाळांत, विशेषतः मुलींमध्ये, खुब्याचा सांधा नीट बसलेला नसण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि ते वेळेत कळलं तर पट्ट्याने बरं होतं.